गुण कशाचा? औषधाचा की शुश्रूषेचा?

औषध दिले आणि रोगी बरा झाला, की आपण म्हणतो, 'औषधाचा गुण आला.' व्यवहारात हे चालून जाते. विज्ञानात मात्र हा निष्कर्ष किती फसवा ठरू शकतो, हे मानसिक आजारांच्या इतिहासातील एका प्रकरणावरून दिसते.

स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार आहे. रोग्याला नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असे ठामपणे वाटते, विचारांची संगती सुटते. १९३०च्या सुमारास त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. युरोप-अमेरिकेतील मनोरुग्णालये भरून वाहत होती आणि अनेकांचे उरलेले आयुष्य तिथेच सरत होते.

अशा वेळी, १९३३ साली, व्हिएन्नातील डॉ. मानफ्रेड साकेल यांनी एक नवी पद्धत मांडली. इन्शुलिनचा शोध १९२१ साली टोरांटोत लागला होता. इन्शुलिनमुळे रक्तातील साखर उतरते. मेंदूचे काम मुख्यतः ग्लुकोजवर चालत असल्याने साखर फार उतरली की माणूस बेशुद्ध होतो. साकेल मुद्दाम मोठी मात्रा देऊन रोग्याला बेशुद्ध करीत आणि नंतर ग्लुकोज देऊन शुद्धीवर आणीत. आठवड्यातून पाच-सहा दिवस, असे कित्येक आठवडे हे चाले. रोगी सुधारतात असे त्यांनी जाहीर केले आणि थोड्याच वर्षांत अनेक देशांतील रुग्णालयांत इन्शुलिनचे खास कक्ष उघडले गेले. उपचारात काही रोगी दगावत. पण दुसरा मार्ग नसल्यामुळे डॉक्टर आणि नातेवाईक हा धोका पत्करीत.

१९५३ साली हॅरल्ड बोर्न या ब्रिटिश डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात शंका उपस्थित केली. त्यांचे मुद्दे साधे होते. या उपचारासाठी रोगी निवडून घेतले जातात. आजार नवा असलेले, म्हणजे एरवीही सुधारण्याची शक्यता अधिक असलेले. शिवाय त्यांना जी खास वागणूक मिळते, ती इतर रोग्यांना मिळत नाही. मग सुधारणेचे श्रेय इन्शुलिनला कसे द्यायचे? अनेक तज्ज्ञांना हा लेख रुचला नाही. त्यांचा स्वतःच्या अनुभवावर विश्वास होता.

उत्तर प्रयोगानेच मिळणार होते. ॲक्नर, हॅरिस आणि ओल्डहॅम यांनी रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, निवड न करता पाडले. एका गटाला इन्शुलिनने बेशुद्ध केले, तर दुसऱ्याला बार्बिट्युरेट या झोपेच्या औषधाने. बाकी देखभाल दोघांची सारखीच. १९५७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे इन्शुलिनचा असा खास गुण नव्हताच. तोवर, १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिनचा उपयोग दाखवून दिला होता. इन्शुलिनचे कक्ष हळूहळू बंद झाले. तरी १९६१ साली अमेरिकेत गणितज्ञ जॉन नॅश यांना हाच उपचार दिला गेला. रूढ झालेली समजूत एका प्रयोगाने लगेच जात नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. इन्शुलिनच्या कक्षात रोगी थोडे आणि परिचारिका जास्त असत. जीवाचा धोका असल्याने रोग्यावर सतत लक्ष ठेवावे लागे, त्याला हाताने भरवावे लागे, नावाने हाक मारून जागे करावे लागे. हाच खरा उपचार होता का? नीट पाहिले तर १९५७च्या प्रयोगातून हे सिद्ध होत नाही. शुश्रूषा दोन्ही गटांना सारखीच मिळाली होती. जी गोष्ट दोन्हीकडे समान ठेवली, तिचा परिणाम त्या प्रयोगातून मोजता येत नाही. त्यासाठी वेगळा प्रयोग हवा.

असा एक प्रयोग २००९-१०मध्ये भारतातच, गोवा, सातारा आणि तामिळनाडूतील कांचीपुरम या तीन ठिकाणी झाला. स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांना डॉक्टरांचे नेहमीचे उपचार मिळत होते. त्यांपैकी एका गटाकडे याशिवाय प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते जात. औषधे नियमित घेणे, रोजचे व्यवहार, कुटुंबाच्या अडचणी यांत मदत करीत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर या गटाची लक्षणे आणि कामातील अडचणी थोड्या अधिक कमी झाल्या. कांचीपुरमच्या ग्रामीण भागात हा फरक सर्वांत ठळक होता. नातेवाइकांवरचा भार मात्र फारसा हलका झाला नाही. देखभाल हा चमत्कार नव्हे, पण तिचाही गुण मोजता येतो आणि तो औषधाला पूरक ठरतो.

शिक्षकांना ही गोष्ट परकी वाटू नये. नवी अध्यापनपद्धती उत्साही शिक्षकाने निवडक मुलांवर वापरली आणि निकाल सुधारला, तर गुण पद्धतीचा की त्या शिक्षकाच्या आस्थेचा? दुसऱ्या वर्गाला तेवढीच आस्था आणि तेवढाच वेळ देऊन जुनी पद्धत वापरली, तरच पद्धतीचा गुण कळेल. आणि आस्थेचा गुण जाणून घ्यायचा, तर तीही वेगळी मोजावी लागेल.