मामाची चार ट्रॅकची टेप

तर झालं असं, की ह्या दिवाळीला सोलापूरला गेलो आणि मामीनं माळ्यावरचं एक खोकं खाली उतरवायला लावलं. आत जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक जडशीळ मशीन निघालं. अर्धा भाग कॅसेट प्लेअर, अर्धा भाग छोटा मिक्सर (स्वयंपाकघरातला नव्हे, आवाजाचा!). सोबत एकच कॅसेट. तिच्यावर मामाच्या अक्षरात '१९९१'.

मामा यंत्रमागावर कामाला होता आणि रात्री भजनी मंडळात पेटी वाजवायचा. हे मशीन त्याच्या मित्रानं अमेरिकेहून येताना आणलं होतं. मागांना सुट्टी असली की गल्ली शांत व्हायची, तेव्हा मामाचं रेकॉर्डिंग चालायचं. मामाला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

"ह्यात माझा पण आवाज आहे की रे," मामी म्हणाली.

घरात ह्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. साध्या टेपवर ती कॅसेट लावली की एका बाजूला मामा कुंभकर्णासारख्या जाड, संथ आवाजात गायचा आणि दुसऱ्या बाजूला नुसतं अगम्य काहीतरी. 'कॅसेट खराब झाली' असा निकाल घरच्यांनी केव्हाच लावून टाकला होता.

खरं तर कॅसेट धडधाकट होती. घोळ होता फॉरमॅटचा.

फिलिप्स कंपनीत लू ऑटेन्स ह्यांच्या टीमनं केलेली कॅसेट १९६३मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात लोकांसमोर आली. फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. पुढे स्टिरिओ आलं तेव्हा ह्या एवढ्याशा फितीवर चार पट्टे बसवले गेले: दोन 'ए' बाजूचे, दोन 'बी' बाजूचे. कॅसेट उलटली की फीत उलट दिशेनं धावते, म्हणून 'बी'चे पट्टे उलट दिशेनं भरलेले असतात.

१९७९मध्ये जपानच्या टीॲक कंपनीनं 'पोर्टास्टुडिओ १४४' बाजारात आणला आणि हा नियम मोडला. त्यात चारही पट्टे एकाच दिशेनं भरायचे, आणि आवाज सुधारावा म्हणून वेग दुप्पट, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. साठ मिनिटांची कॅसेट पंधरा मिनिटांत संपायची, पण चार वाद्यं चार वेगवेगळ्या वेळी, एकट्यानं, घरी बसून भरता यायची. ब्रूस स्प्रिंगस्टीननं १९८२ साली 'नेब्रास्का' ह्या अल्बमची गाणी घरी अशाच मशीनवर कच्ची म्हणून भरली. नंतर स्टुडिओत बँडबरोबर ती पुन्हा वाजवून पाहिली, पण तशी जमेनात. शेवटी ती घरची कॅसेटच रेकॉर्ड म्हणून बाहेर आली!

मामाचं मशीन ह्याच जातीचं. म्हणजे साध्या टेपवर 'ए' बाजूला ट्रॅक १ आणि २ अर्ध्या वेगानं, आणि 'बी' बाजूला ट्रॅक ३ आणि ४ अर्ध्या वेगानं, वर उलटे!

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. म्हटलं, मशीन कशाला हवं? दोन्ही बाजू साध्या टेपवरून लॅपटॉपवर घेतल्या, 'बी' बाजू उलटी केली, वेग दुप्पट केला. ट्रॅक १ वर पेटी-ढोलकी, २ वर मामा, ३ वर टाळ... आणि ४ वर मामी! तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वीची, ठणठणीत. मामी काही बोललीच नाही, नुसती ऐकत राहिली.

मग मी चारही ट्रॅक एकत्र लावले. पहिलं मिनिट झकास. तिसऱ्या मिनिटाला मामी अर्धी मात्रा मागे. शेवटी शेवटी तर मामाची ओळ संपून गेली तरी मामी आणि टाळ मागून येतायत.

"मी काय बेताल गात होते का रे?" मामीनं विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन रात्री लॅपटॉपवर घालवल्या. एके ठिकाणी जुळवलं की दुसरीकडे निसटायचं. मग ट्यूब पेटली. मी दोन बाजू दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत घेतल्या होत्या. टेपची मोटर दर वेळी किंचित वेगळी डुलते. एकाच फेरीत चारही ट्रॅक वाचले, तर डुलणं चौघांनाही सारखंच लागतं आणि ताल सुटत नाही. फितीवर वेळेची नोंद कुठेच नसते. ती चार पट्टे एका रेषेत वाचणाऱ्या हेडमुळे येते.

गंमत म्हणजे ह्याचा चुलतभाऊ असलेला बग इतिहासात आधीच येऊन गेलाय. पूर्वीच्या टेप मशीनमध्ये रेकॉर्ड करायचं हेड वेगळं आणि ऐकायचं वेगळं, दोघांत थोडं अंतर. जुना ट्रॅक ऐकत नवा भरला की नवा मागे पडायचा. अँपेक्स कंपनीनं उपाय काढला: रेकॉर्डच्याच हेडमधून जुने ट्रॅक ऐकवायचे. हे तंत्र असलेलं आठ ट्रॅकचं मशीन १९५७मध्ये गिटारवादक लेस पॉलनं दहा हजार डॉलरला घेतलं.

आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान भोंग्यासमोर गायल्या तेव्हा सगळं एका दमात. मुंबईच्या फिल्मी गाण्यांतही कित्येक वर्षं गायक आणि वादक एकत्रच. एकाचा सूर चुकला की सगळ्यांचा रिटेक. १९८०च्या दशकात कॅसेटची लाट आली. मंगळवेढ्याशी नातं असलेल्या प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी, आनंद शिंद्यांचं 'नवीन पोपट हा' गल्लोगल्ली वाजू लागलं. ऐकणं स्वस्त झालं, पण ट्रॅकवर ट्रॅक चढवणं स्टुडिओवाल्यांपाशीच राहिलं. मामासारख्याच्या हातात ते चार ट्रॅकच्या मशीनमुळे आलं.

असो. तर मशीन दुरुस्त करणं भाग होतं. ते १२० व्होल्टचं, त्यामुळे आधी स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला आणि उडालेला फ्यूज बदलला. दिवा लागला, पण चाकं ढिम्म. उघडून पाहिलं तर रबरी पट्ट्याचं अक्षरशः डांबर झालेलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या काड्या घेऊन ते खरवडण्यात अख्खा रविवार गेला. दोऱ्यानं पुलींचा घेर मोजला, त्याहून किंचित लहान पट्टा मागवला. हेड अल्कोहोलनं पुसलं, रबरी रोलर मात्र साबणाच्या पाण्यानं (अल्कोहोलनं रबर सुकतं).

राहिला वेग. तो जुळवायला ठरावीक स्वराची टेस्ट टेप लागते, ती कुठून आणायची? मामी म्हणाली, "पेटी आहे की!" मामा काळी एकमध्ये गायचा. मामी तो सूर धरून बसली आणि टेपमधली पेटी तिच्याशी मिळेपर्यंत मी मोटरचा स्क्रू कणाकणानं फिरवला.

मामाची कॅसेट लावायच्या आधी कोऱ्या कॅसेटवर तासभर चाचणी घेतली, कारण मशीननं फीत खाल्ली तर दुसरी प्रत नव्हती. कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही कान तोडले, म्हणजे चुकूनही वर काही रेकॉर्ड होणार नाही. मग चारही आऊटपुट एकाच वेळी लॅपटॉपला जोडून प्ले दाबलं.

पेटी, ढोलकी, मामा, टाळ. आणि मामी बरोब्बर समेवर. पहिल्या मिनिटाला आणि शेवटच्याही.

"बघ," ती म्हणाली.

चार वेगळ्या फाईली केल्या, तीन ठिकाणी बॅकअप ठेवला. मामीनं त्यातलं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "परत लाव."