साजगावची बोंब

खोपोलीजवळच्या टाकई-साजगावात विठ्ठलाचे एक देऊळ आहे. पंचक्रोशीत या देवाला सगळे 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. देवाला असे नाव ठेवायला भक्ताची सलगीच हवी. कार्तिकी एकादशीच्या सुमारास इथे मोठी यात्रा भरते. घोंगड्या, मिठाई, सुकी मासळी यांची दुकाने लागतात. सुक्या मासळीचा बाजार पाहून नवखा माणूस समजतो की, बोंबील मिळतात म्हणून हा बोंबल्या. मी खालापूर तालुक्यातलाच. आमच्याकडची जुनी माणसे मात्र वेगळी हकिकत सांगतात.

तुकोबा देहूहून घाट उतरून इकडे मिरच्या विकायला येत. गिऱ्हाईक म्हणे, पैसे मागाहून देतो. तुकोबा म्हणत, बरे. माल संपला, उधारी मात्र वसूल होईना. मग विठोबाच्या नावाने बोंब ठोकली गेली. ती कुणी ठोकली? कुणी सांगतो तुकोबांनी, तर कुणी सांगतो, खुद्द विठोबाच दारोदार बोंब मारत फिरला आणि भक्ताची उधारी त्याने वसूल करून दिली. तेव्हापासून तो बोंबल्या विठोबा.

ही श्रद्धेची कथा आहे. तिला दस्तऐवजाचा मान देता येणार नाही. पण ती अगदी हवेतलीही नाही. संतचरित्रकार महिपती यांनी तुकोबांनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहिलेल्या चरित्रातही तुकोबा कोकणात मिरची विकायला गेल्याची गोष्ट येते. बोरघाट ही तर देश आणि कोकण यांच्यामधली जुनी वाट. १८३० साली माल्कम साहेबाच्या कारकिर्दीत घाटात गाडीरस्ता खुला झाला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून उतरे. देहूचा एक वाणी गोण्या लादून खोपोलीच्या अंगाला उतरला असेल, यात नवल काही नाही.

आज हे सगळे सांगण्याचे कारण वेगळे आहे. मन खचलेले असते, उठावेसे वाटत नाही, कुणाशी बोलावेसे वाटत नाही, अशा दिवशी माणसाने स्वतःला कसे सांभाळावे, हा माझा आजचा विषय आहे. हल्ली या विषयावर पुष्कळ बोलले जाते आणि पुष्कळदा असे भासवले जाते की, हे सारे परदेशातून आलेले नवे ज्ञान आहे. मला वाटते, त्याचा एक चांगला धडा आपल्या घरातच आहे. त्यासाठी सुमारे चारशे वर्षे मागे जावे लागेल.

१६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला होता. वाटेत दिसलेल्या प्रेतांची आणि ओस पडलेल्या गावांची वर्णने त्याने लिहून ठेवली आहेत. तुकोबांचे जन्मवर्ष सर्वसाधारणपणे १६०८ मानतात. म्हणजे तेव्हा ते बावीस-तेविशीचे तरुण होते. आईवडील आधीच गेलेले. थोरले बंधू सावजी विरक्त होऊन घर सोडून गेलेले. पेढी आणि प्रपंच दोन्ही अंगावर. त्यातच दुष्काळाने भांडवल गेले, पत गेली, पहिली पत्नी रखमाबाई गेली आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे लहानगा संतूही गेला.

हे आपल्याला कळते ते बरेचसे तुकोबांच्याच तोंडून. त्यांचा एक आत्मचरित्रपर अभंग आहे. त्यात ते धंदा बुडाल्याचे सांगतात, बायको अन्नावाचून गेल्याचे सांगतात आणि आपल्याला या सगळ्याची लाज वाटली, हेही सांगतात. मला या लाजेचे फार महत्त्व वाटते. खचलेल्या माणसाला दुःखापेक्षा लाज अधिक खाते. माझेच असे का झाले, लोक काय म्हणतील, मी कुणाला तोंड दाखवू, हे प्रश्न त्याला घरात कोंडून ठेवतात. सतराव्या शतकातला एक गृहस्थ ती लाज उघडपणे शब्दांत मांडतो, हीच मोठी गोष्ट आहे.

आणि मग त्यांनी काय केले? त्याच अभंगात त्याचा क्रमवार जमाखर्च आहे. पूर्वजांचे विठ्ठलाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते दुरुस्त करावे असे त्यांच्या मनाने घेतले. एकादशीला ते कीर्तन करू लागले. संतांची वचने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. आणि जमेल तसे दुसऱ्याच्या उपयोगी पडून शरीर झिजवले.

ही यादी नीट पाहा. तिच्यात चमत्कार एकही नाही. हाताला काम. ठरलेला दिवस. स्वतःचे शब्द सुचत नसताना उसने घेतलेले चांगले शब्द. चार माणसांची साथ, तीही मागच्या रांगेत उभे राहून, म्हणजे पुढे होऊन काही दाखवण्याचा भार नाही. आणि कुणाच्या तरी उपयोगी पडणे. त्यातही तुकोबा प्रामाणिकपणे सांगतात की, सुरुवातीला त्यांचे चित्त या अभ्यासात नव्हते. तरी एकादशी चुकली नाही. मन लागण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. आधी पाय गेले, मन मागून आले.

गंमत अशी की, याच सुमारास तिकडे इंग्लंडात रॉबर्ट बर्टन नावाचा एक विद्वान उदासीनता या एकाच विषयावर जाडजूड ग्रंथ लिहीत होता. तो १६२१ साली प्रसिद्ध झाला. बर्टन स्वतःही या दुखण्याने गांजलेला होता. शेवटी त्याने वाचकाला सावध केले आहे ते प्रामुख्याने दोन गोष्टींपासून : एकलेपण आणि रिकामपण. देहूच्या वाण्याला बर्टन ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण दोघेही एकाच घाटावर पोहोचले.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पीटर लुइन्सन यांनी याच विचाराला शास्त्राची बैठक दिली. उदास माणूस कामे आणि माणसे टाळू लागतो; टाळल्याने आनंदाचे प्रसंग कमी होतात आणि उदासी आणखी वाढते. हे चक्र छोट्या, ठरवून केलेल्या कृतीने तोडायचे, अशी ही पद्धत. आपल्या शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेने तिचा प्रयोग केला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर असे समुपदेशन मिळाले. देणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. सहा ते आठ बैठकांनंतर या रुग्णांमध्ये इतरांपेक्षा अधिक सुधारणा दिसली. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले.

मी स्वतः हे अनुभवले आहे. निवृत्तीनंतरचा पहिला पावसाळा मला जड गेला. दिवस उगवायचा आणि नुसता पुढ्यात पडून राहायचा. तेव्हा मी मोठे संकल्प केले नाहीत. सकाळी अंथरूण घडी करायचे, अंघोळ टाळायची नाही, पावसाने उघडीप दिली की ओढ्यापर्यंत जाऊन यायचे, आणि एकादशीला भजनात टाळ घेऊन मागे बसायचे, एवढेच ठरवले. काही दिवशी यातले एकच जमे. पण एक जमले की दुसऱ्या दिवशी दोन जमत. पोटाला वेळेवर गरम काही आणि रात्री वेळेवर झोप, यांना आपण क्षुल्लक समजतो. पडत्या दिवशी तेच आधाराचे खांब असतात.

पण एवढ्याने सगळे भागत नाही. इथे मला पुन्हा साजगावची कथा आठवते. तुकोबांची कर्मे आपण सांगतो, त्यांची बोंब मात्र विसरतो. त्यांच्या गाथेत विठ्ठलाशी भांडण आहे, रुसवा आहे, कासावीस हाक आहे. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्यापाशी त्यांनी काही लपवले नाही. आपल्याकडे मात्र, विशेषतः पुरुषांनी, सोसावे आणि गप्प राहावे, यालाच धीर म्हणतात. साजगावकरांनी देवाचे नावच बोंबेवरून ठेवले. बुडत असताना हाक मारण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले.

म्हणून, उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक उडाली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. जीव नकोसा झाल्यावर तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये. लगेच जवळच्या माणसाला सांगावे, डॉक्टरांकडे जावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मोफत असून तिथे मराठीतूनही बोलता येते. उपचार घेणे हाही स्वतःची काळजी घेण्याचाच भाग आहे.

आणि शेवटी, हाक ऐकणाऱ्यांविषयी. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत तेव्हा त्यांची दुसरी पत्नी जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढे, असे परंपरा सांगते. तिच्या फटकळ जिभेचे किस्से आपण चवीने सांगतो. पण घरात मुले, चुलीत विस्तव नाही, आणि तरीही तिने नवऱ्याची भाकरी चुकवली नाही. आपल्या आसपास कुणी असा डोंगरावर जाऊन बसला असेल, तर त्याला उपदेश करण्याची घाई नको. डबा घेऊन जावे. शेजारी बसावे. तो जेवेपर्यंत थांबावे.