जुन्या जीपची तेलगळती : आधी उगम शोधावा, मगच सील बदलावे

नाशिक जिल्ह्याच्या वायव्येस, गुजरातच्या सीमेवर असलेल्या सुरगाणा तालुक्यात डोंगरपाड्यांना अनेक वर्षे जीपचा आधार राहिला आहे. याच जिल्ह्यातील इगतपुरी येथे महिंद्राचा इंजिन कारखाना आहे. जुन्या जीपचे इंजिन दणकट असले, तरी त्याची तेलगळती चिवट असते. सपाट रस्त्यावर क्षुल्लक वाटणारी ही गळती घाटात महागात पडते. मागील सीलमधून झिरपलेले तेल क्लचप्लेटवर गेल्यास चढणीवर क्लच घसरतो. तेलाची पातळी फार खाली गेल्यास बेअरिंग जळून इंजिन जाम होते.

उगम कसा शोधावा?
तेल खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरते. त्यामुळे डाग दिसतो तेथेच गळती असते असे नाही. थंड इंजिन रॉकेलने धुऊन कोरडे करावे, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि इंजिन थोडा वेळ चालवावे. पावडर जेथे प्रथम ओली होते, तो उगम. तपासणी टॅपेट कव्हरपासून सुरू करून खाली चेंबरपर्यंत न्यावी. क्लच हाउसिंगखाली ठिबकणारे तेल दाट व उग्र वासाचे असल्यास दोष बहुधा गिअरबॉक्सचा असतो.

ब्रीदरकडे दुर्लक्ष नको
ब्रीदरची जाळी तुंबली किंवा पिस्टनच्या रिंग झिजल्या, की इंजिनच्या पोटात दाब वाढतो आणि नवे सीलही तेल सोडू लागते. वारंवार सील बदलूनही गळती न थांबण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. जाळी रॉकेलने स्वच्छ करावी. तरीही तेल भरण्याच्या तोंडातून धूर जोराने येत असल्यास कॉम्प्रेशन तपासून घ्यावे.

पॅकिंग आणि सील
पत्र्याच्या चेंबरचे बोल्ट अति आवळल्यास छिद्रांभोवतीचा पत्रा फुगतो व कॉर्कचे पॅकिंग चिरडते. पत्रा ठोकून सपाट करावा आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत. क्रँकशाफ्टवर सीलच्या जागी खाच पडली असल्यास केवळ नवे सील टिकत नाही. तेथे पातळ स्लीव्ह बसवावी लागते. जुन्या विलीज इंजिनात मागील बाजूस दोरीचे पॅकिंग असे. त्यातून किंचित पाझर राहणे स्वाभाविक मानले जाते.

घाटात निघण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक पाहावी. ऑइल प्रेशर एकाएकी घसरल्यास इंजिन तत्काळ बंद करावे.