वाडीचा हिशेब

लोणी काळभोर हे कालव्याच्या पाण्यावर वाढलेले गाव. इथे शेताची ओळख एकराने होते. पीक बुडाले की पहिला प्रश्न येतो, "किती एकर गेले?" माझे आजोळ श्रीवर्धन तालुक्यातले. तिथे वाडीवर संकट आले की विचारतात, "किती झाडे गेली?" वरकरणी हा नुसता बोलीतला फरक वाटेल. पण ३ जून २०२० नंतर कोकण किनाऱ्यावर जे घडले, त्याचे मर्म या दोन प्रश्नांमधल्या अंतरात आहे.

त्या दिवशी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, आणि खाली दापोली-मंडणगडपर्यंत त्याने काही तासांत धूळधाण केली. वादळ पुढे घाट चढून पुणे जिल्ह्यात आले, तेव्हा लोणीतही दिवसभर पाऊस आणि सोसाट्याचा वारा होता. आम्ही खालाला फोन लावत होतो आणि तो लागत नव्हता. खांब पडले होते, मनोरे बंद होते. कुवेत-दुबईला असलेली मुलेही तशीच फोन लावत बसली होती. करोनामुळे विमाने बंद, येणार कसे? चौथ्या दिवशी खालाचा आवाज ऐकू आला. घराची कौले गेल्याचे तिने नंतर सांगितले. आधी म्हणाली, "बाळा, वाडी आडवी झाली."

वाडी म्हणजे काय, हे देशावरच्या माणसाला सांगावे लागते. दहा-वीस गुंठ्यांत दाटीने उभ्या पोफळी, त्यांच्या अंगावर मिरीचे वेल, मधूनमधून माड, सावलीत जायफळ. श्रीवर्धनचा 'रोठा' सुपारीच्या बाजारात नावाजलेला. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिरा संस्थानात होता. राज्ये बदलली तरी वाड्या तशाच राहिल्या, आजोबांनी लावाव्या आणि नातवाने खाव्यात.

आपली सरकारी मदतीची पद्धत मात्र देशावरच्या दुष्काळातून जन्मली आहे. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर १८८० चा दुष्काळ आयोग आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. पिकाची आणेवारी, पुढे पैसेवारी, क्षेत्रावर आधारलेली सूट ही सगळी त्याच घराण्यातली. ज्वारी-बाजरीला ती लागू पडते, कारण यंदाचे पीक गेले तरी पुढच्या वर्षी पेरता येते. उन्मळलेली पोफळ मात्र पुन्हा पेरता येत नाही. तिचे रोप तयार करायला वर्ष-दीड वर्ष लागते आणि फळ धरायला पुढे पाच-सात वर्षे.

वादळानंतर सरकार हातावर हात धरून बसले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ५ जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे अलिबागला आले आणि रायगडसाठी तातडीचे १०० कोटी जाहीर झाले. त्याच महिन्यात दर वाढले. पूर्ण पडलेल्या घराला सुमारे ९५ हजारांऐवजी दीड लाख, फळबागेला हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. ऐकायला रक्कम मोठी होती. पण कोकणात दोन हेक्टरांची वाडी आहे कुणाची? बारा गुंठ्यांची वाडी धरा. त्यात एकशे दहा पोफळी आणि नऊ माड पडले असे समजा. हेक्टरच्या हिशेबाने हाती येतात सुमारे सहा हजार रुपये.

तक्रारी झाल्या, निवेदने गेली आणि पुढे त्याच वर्षी शासनाने आपली मोजपट्टी बदलली. सुपारीला झाडामागे ५० रुपये, नारळाला २५० रुपये. त्याच वाडीला आता पावणेआठ हजार मिळू लागले. रकमेत फार फरक पडला नाही. पोफळीच्या एका हंगामाची सुपारीही पन्नास रुपयांपेक्षा जास्त जाते. तरी हा बदल मोलाचा होता. कोकणचा माणूस जे मोजतो, ते सरकारने प्रथमच मोजले.

पण मोजायचे कुणी आणि कशावरून? तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला आले. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराची नोंद असते, पोफळीची नसते. सातबाऱ्यावर क्षेत्र असते आणि नावे मात्र पंधरा-वीस. कुणी मुंबईत, कुणी आखातात, कुणी थेट केपटाउनला, काही तर अल्लाहला प्यारे झालेले. सगळ्यांची संमती आणायची कुठून? वाडी शिंपणारी, तिच्या जिवावर जगणारी विधवा मोठी बहीण या सामाईक सातबाऱ्यात शेवटच्या ओळीत असते. तिचा पंचनामा होतो, पैसे मात्र कागदात अडकतात.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने मदत आणि पुनर्वसनात स्थानिक संस्थांनाही जबाबदारी दिली आहे. प्रत्यक्षात पंचायत वादळानंतर जागी होते, तेव्हा झाड पडलेले असते आणि साक्षीदार पांगलेले असतात. २००९ मध्ये 'फयान' येऊन गेले होते, त्यातून आपण धडा घेतला नाही. 'निसर्ग'नंतर वर्ष पुरे व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गेले. अलिबागला भूमिगत वीजवाहिन्यांचे काम हाती घेतले गेले, ते चांगलेच झाले. पण खांब जमिनीखाली गेले म्हणून वाडीचा हिशेब कागदावर येत नाही.

त्यासाठी कोटींची गरज नाही. दर वर्षी पावसाआधीच्या ग्रामसभेत झाडांची नोंदवही वाचावी. कोणाच्या वाडीत किती माड, किती पोफळी, वाडी प्रत्यक्षात कोण राखते, ते लिहावे आणि हिस्सेदारांची संमती तेव्हाच घ्यावी. गावच्या जमातीने परदेशातल्या मुलांकडून कागद मागवावेत. वादळाच्या रात्री जमातींनी आणि मंडळांनी घरोघर अन्न पोचवले. ज्यांना भांडे कुठे न्यायचे हे ठाऊक असते, त्यांना झाडे कुणाची हेही ठाऊक असते. सरकारला रोपे मोजता येत नाहीत असेही नाही. १९९० च्या रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेत किती रोपे जगली, हे पाहूनच अनुदान दिले जाई.

खालाने २०२१ च्या पावसात नवी रोपे लावली. ती आता फळ धरण्याच्या वयाला आली आहेत. गेल्या खेपेला तिने मला वाडीत फिरवले, एकेका रोपाला हात लावत मोजले आणि आकडा माझ्या वहीत लिहून घ्यायला लावला. म्हणाली, "पंचायतीत कुणी विचारले नाही. तू तरी लिहून ठेव."