गंगाराम तांबटाचे वेरूळ

इतर वास्तू पायापासून शिखराकडे चढत जातात. वेरूळचे कैलास लेणे मात्र शिखरापासून पायाकडे उतरत गेले. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या राजवटीत, कारागिरांनी डोंगर वरून खाली कोरीत नेला. जो दगड त्यांनी राखला तेच मंदिर झाले. अशी वास्तू सपाट कागदावर उतरविणे हे बिकट काम. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पुण्याच्या एका चित्रकाराने अंगावर घेतले. त्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट.

तो सवाई माधवरावांचा काळ होता. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट हा राजकारणाइतकाच पुराणवास्तूंच्या शोधातही रस घेणारा होता. त्याने गंगारामाला आपल्या पदरी ठेवले. 1790 साली गंगारामाने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले. पुढे मॅलेटसाठी त्याने वेरूळची लेणी रेखाटली. 1791 साली मुंबईस उतरलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यास आला, तेव्हा गंगाराम त्याच्याही हाताखाली काम करू लागला.

दोन चित्रपद्धतींची गाठ येथे पडली. आपल्याकडील जुन्या लघुचित्रांत रंग दाट असे, आणि जेथे उजेड दाखवावयाचा तेथे पांढरा रंग चढविला जाई. पाश्चात्त्य जलरंगाची रीत याच्या उलट. तेथे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचे थर सावलीवर चढतात आणि उजेडासाठी कागद कोराच राखला जातो. लेण्यात प्रकाश दर्शनी बाजूने शिरतो आणि आत जाता जाता विरतो. तो दाखविण्यास हीच रीत अनुकूल. कोरणाऱ्याने राखलेला दगड म्हणजे मंदिर, तसा चित्रकाराने राखलेला कागद म्हणजे प्रकाश. रेघेवर हात बसलेल्या मराठी चित्रकाराने ही छायेची विद्या वेरूळच्या कामासाठी जवळ केली, हे त्याचे मोठेपण.

श्रेयाची वाटणी मात्र सरळ झाली नाही. 1795 साली वेल्स निवर्तला. 1803 मध्ये टॉमस डॅनियलने वेरूळची चोवीस चित्रे लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केली, ती वेल्सच्या रेखाटनांवरून. त्या ग्रंथाचा गाजावाजा झाला. त्याआधी तेथे पोहोचलेल्या गंगारामाची चित्रे मॅलेटच्या संग्रहात राहिली आणि आज त्यांतील अनेक अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. ज्या पुण्यात तो वावरला, तेथे त्याचे नाव अभ्यासकांपलीकडे क्वचितच कोणाच्या ओठी येते.

सुदैवाने त्या केंद्राने आपल्या संग्रहातील चित्रांच्या प्रतिमा संगणकावर सर्वांस खुल्या केल्या आहेत. आजचा चित्रकार काचेच्या पडद्यावर, पाण्याच्या थेंबावाचून, जलरंगाचा आभास निर्माण करून वाडे आणि मंदिरे रंगवितो. चुकलेली रेघ त्याला क्षणात पुसता येते. गंगारामाला ती सोय नव्हती. पण काय रंगवावे आणि काय कोरे सोडावे हा निर्णय कोणतेही यंत्र चित्रकाराच्या वतीने घेत नाही. तो निर्णय वेरूळच्या पायथ्याशी बसून ज्याने घेतला, त्याचे नाव निदान मराठी घरांत तरी परके राहू नये.