सुपातलं देवभात

आमच्या गावच्या तळ्याच्या काठी देवभात, म्हणजे रानभात, आपोआप उगवे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून आजी ते आदल्या वर्षीच जमवून ठेवी. दोन दिवस उशीर झाला की लोंब्या रिकाम्या आणि दाणे चिखलात. म्हणून ती आधी सूप धरी, मग लोंबी वाकवी. शेतातलं भात मात्र कापून, पेंढ्या बांधून, डोक्यावरून खळ्यात आणलं तरी लोंबीला धरून असे. झोडल्यावरच सुटे.

हा फरक कसा पडत गेला, ते चीनमधल्या झेजियांग प्रांतातल्या त्यानलुओशानला दिसतं. तिथल्या पाणथळ मातीत भाताची जुनी टरफलं टिकली आहेत. आपसूक गळलेल्या दाण्याच्या बुडाशी गुळगुळीत वण असतो, झोडून सुटलेल्याच्या बुडाशी खरबरीत. संशोधकांनी हे वण मोजले. सुमारे 6900 वर्षांपूर्वी न गळणारे दाणे 27 टक्के होते, 300 वर्षांनी 39 टक्के. गळलेलं चिखलात गेलं, टिकलेलं घरी आलं आणि घरी आलेलंच पुढच्या पावसात पेरलं गेलं. शेकडो हंगामांची ही कमाई आहे.

2006 साली यामागचं एक मुख्य जनुक सापडलं, एसएच-4. शेतातल्या भातात त्याच्या डीएनएचं एकच अक्षर बदललं आहे. त्यामुळे दाणा सुटण्याचा थर कच्चा राहतो, पण नाहीसा होत नाही. दाणा वाटेत गळत नाही आणि झोडल्यावर अडूनही बसत नाही, ते यामुळेच.

पुढे माणसाने ठरवूनही वाणं घडवली. 1966 साली फिलिपिन्समधून आयआर-8 हे बुटकं वाण आलं. तो बुटकेपणा तैवानच्या एका जुन्या वाणाचा. भरपूर खत घातलं तरी ते आडवं पडेना, उत्पन्न कितीतरी वाढलं. पण पुढे आशियातल्या शेतांत भात खुरटवणारा एक विषाणू पसरला. हजारो वाणं तपासली, तेव्हा त्याला दाद न देणारं जनुक मिळालं उत्तर प्रदेशातल्या एका रानभातात. 1976 च्या आयआर-36 मध्ये तेच जनुक आहे.

जे भात आपण गळकं म्हणून काठावर सोडलं, त्यानेच आपलं शेत वाचवलं. आमचं तळं आता बुजलं आहे, देवभातही गेलं. तुमच्या गावात असा काठ उरला असेल, तर तो राखा.