गिरी बालाजीला जायचंय? आधी दर्शनाचं तिकीट, मगच रेल्वेचं

बीड : लेकराचं जावळ, पोरीच्या लग्नाचा नवस, नाहीतर कारखान्याहून परतल्यावर देवाचं दर्शन. आपल्या भागातून तिरुपतीला जाणाऱ्यांची कारणं अशीच असतात. पण बरेच जण आधी गाडी ठरवतात आणि दर्शनाचं तिथं गेल्यावर बघू म्हणतात. मग गर्दीच्या दिवशी २०-२४ तास रांगेत जातात, नाहीतर दलालाच्या हातात पैसे पडतात. मजुरी बुडवून, उसने पैसे घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला हे परवडत नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा.

१) दर्शनाचं तिकीट
३०० रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाची तिकिटं देवस्थान ऑनलाइन देतं. साधारण तीन महिने आधी, बहुतेक वेळा महिन्याच्या २४ तारखेला सकाळी १० वाजता, पूर्ण महिन्याची तिकिटं खुली होतात. म्हणजे मार्चमध्ये जायचं असेल तर डिसेंबरच्या २४ तारखेच्या सुमारास मोबाईल घेऊन बसायचं. तारीख मागंपुढं होऊ शकते, म्हणून आठवडाभर आधी संकेतस्थळ बघत चला. राहण्याच्या खोल्यांचं बुकिंगही बहुतेक त्याच दिवशी दुपारी ३ वाजता उघडतं.

संकेतस्थळ एकच : टीटीदेवस्थानम्स डॉट एपी डॉट गव्ह डॉट इन. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' नसेल तर पैसे भरू नका. नावं आधारवर आहेत तशीच टाका. हे तिकीट रद्द होत नाही, पैसे परत मिळत नाहीत आणि दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. १२ वर्षांपर्यंतच्या लेकरांना आईवडिलांसोबत तिकीट लागत नाही, वयाचा पुरावा मात्र जवळ ठेवा.

६५ वर्षांवरील ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी मोफत दर्शनाचा वेगळा कोटा आहे, तोही ऑनलाइनच घ्यावा लागतो. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर आईवडिलांना सुपथम दारातून वेगळा प्रवेश मिळतो. जावळाला जाणाऱ्यांनी बाळाचा जन्मदाखला आणि स्वतःचं आधार विसरू नये.

२) रेल्वे
रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. १० मार्चला निघायचं असेल तर ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येतं. तोवर दर्शनाचं तिकीट हातात असतं, म्हणून आधी दर्शन, मग गाडी. दर्शनाच्या आदल्या दिवशी पोहोचेल अशी गाडी धरा. गाडी लेट झाली आणि वेळ चुकली तर तिकीट वाया जायची भीती असते. परतीचं आरक्षणही लगेच उरकून घ्या.

परळी वैजनाथहून शिर्डी-तिरुपती साप्ताहिक गाडी बिदर, सिकंदराबाद मार्गे जाते. वार आणि वेळ रेल्वेच्या ॲपवर बघूनच घ्या. दुसरा रस्ता सोलापूरचा. तिथून चेन्नईकडं जाणाऱ्या गाड्यांनी रेणिगुंट्याला उतरता येतं, तिथून तिरुपती सुमारे १० किलोमीटर आहे.

जीप किंवा क्रूझर करून जाणार असाल तर दोन चालक घ्या. अलिपिरी नाक्यावर प्रत्येक गाडीची तपासणी होते आणि फास्टॅग लागतो. डोंगरावर दारू, मांस, तंबाखू, गुटखा चालत नाही. खिशातली पुडी खालीच सोडून द्या.

३) तिकीट मिळालं नाही तर
तिरुपती शहरात मोफत सर्वदर्शनाचे वेळ दिलेले टोकन मिळतात. रेल्वे स्टेशनसमोर विष्णू निवासम, बसस्थानकाजवळ श्रीनिवासम आणि अलिपिरीला भूदेवी संकुल ही ठिकाणं. प्रत्येकानं आधार घेऊन स्वतः रांगेत उभं राहायचं. टोकन संपले तरी थेट वर जाऊन रांग धरता येते, पण किती तास लागतील ते गर्दीवर आहे.

ब्रह्मोत्सव, वैकुंठ एकादशी, उन्हाळी सुट्ट्या आणि शनिवार-रविवार टाळा. ८ जानेवारी २०२५ ला वैकुंठद्वार दर्शनाच्या टोकनसाठी तिरुपतीत चेंगराचेंगरी होऊन सहा भाविक गेले. म्हातारी माणसं, लेकरं सोबत असतील तर असल्या दिवशी जाऊच नये.

४) पायी जाणाऱ्यांसाठी
अलिपिरीहून सुमारे ९ किलोमीटर आणि ३,५५० पायऱ्या आहेत. श्रीवारी मेट्टूचा रस्ता जवळचा, सुमारे २ किलोमीटर आणि २,३८८ पायऱ्यांचा, पण चढ खडा आहे. गुडघे, बीपी, दम्याचा त्रास असलेल्यांनी बसनं जावं. अलिपिरीला सामान मोफत जमा करून घेतात आणि वर पोहोचवतात.

५) कुठं पैसे लागतात, कुठं नाही
केस अर्पण करायला कल्याणकट्ट्यात पैसे लागत नाहीत. अन्नप्रसादाचं जेवण मोफत आहे. डोंगरावर फिरायला देवस्थानच्या मोफत बसगाड्या आहेत. दर्शनानंतर एक लाडू मोफत मिळतो, जादा लाडू हवा असेल तर ५० रुपयांना. यापैकी मोफत गोष्टींसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पाच मोठ्या माणसांचं ३०० रुपयांचं दर्शन १,५०० रुपयांत होतं, 'लवकर दर्शन करून देतो' म्हणणाऱ्याला त्यावर एक रुपयाही द्यायची गरज नाही.

निघताना पिशवीत
सगळ्यांची मूळ आधार कार्डं, तिकिटाच्या छापील प्रती, रोजच्या गोळ्या. पुरुषांसाठी धोतर किंवा पायजमा-उपरणं, बायकांसाठी साडी किंवा ओढणीसह पंजाबी ड्रेस. मंदिरात मोबाईल नेता येत नाही. म्हणून घरच्या दोन जणांचे नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या, खासकरून म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या, खिशात ठेवा. तिथं भाषा तेलुगू असते, चुकामूक झाली तर तो कागद दाखवता येतो.